गावाला मण्यार सांगा, डॉक्टरला सुई

खानापूर तालुक्यातल्या एका वहिनींचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा सगळा तपशील गाळून त्यांचं म्हणणं थोडक्यात देते:

"माझा धाकटा दीर २६ वर्षांचा. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात कामाला म्हणून सहा वर्षं पंजाबात होता. गेल्या वर्षी परत आला तो खंगूनच. एकदा धुण्यात त्याच्या पँटच्या खिशात सुई सापडली. तेव्हा कळलं की तिकडं तो चिट्टा, म्हणजे आपल्याकडं गर्द म्हणतात ते हेरॉईन, टोचून घ्यायला लागला होता. त्यानं माझा हात माझ्या मुलाच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. श्रावणात एका सकाळी त्याच्या पापण्या उघडेनात. एकाचे दोन दिसतात म्हणाला. जीभ जड झालेली. सासूबाई म्हणाल्या, रात्री पिऊन आला असंल. दुपारी चहा दिला तर तो नाकातनं बाहेर आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी मण्यार चावली असणार म्हणून लस दिली आणि मिरजेला पाठवलं. तिथं व्हेंटिलेटर लावला. लशीनं काही फरक पडेना. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. व्हरांड्यात एका डॉक्टरीणबाईंना गाठून सांगितलं, की मांडीला गळू आहे, तिथं तो टोचून घेतो. मग गळू कापलं, औषधं बदलली. बोट्युलिझम आहे म्हणाले. पाच आठवडे तो व्हेंटिलेटरवर होता. आता दोन महिने झाले घरी आहे.

गावात, पाहुण्यांत सगळीकडं मण्यार चावली असंच सांगितलंय. ह्यांना डॉक्टरांनी खरं सांगितलं होतं, पण हे एवढंच बोलले, 'विषय इथं संपला.' सासूबाईंना माहीत नाही. गेल्या आठवड्यात कडब्याच्या गंजीत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पुन्हा सुया सापडल्या. विचारलं तर दीर म्हणतो, आता दरवेळी नवी सुई घेतो, उकळून घेतो, आणि एकदा झालेलं परत होत नसतं. तुळशीच्या लग्नानंतर त्याला स्थळं बघायची आहेत. आता सांगितलं तर घर फोडलं म्हणतील. पोलिसांत गेलं तर तो आत जाईल. गप्प बसले तर तो जाईल. ते तीन दिवस मी गप्प बसले त्याचं पाप माझ्या माथी आहे का? आणि शपथ मोडली म्हणून माझ्या पोराला काही होईल का?"

ताई,

तुमचे शेवटचे दोन प्रश्न मी आधी घेते. ते मनात ठसठसत असतील तोवर बाकीचं तुमच्या कानांत शिरणार नाही.

ते तीन दिवस काहीच महत्त्वाचे नव्हते असं मी म्हटलं तर तो खोटा दिलासा होईल. बोट्युलिझममध्ये जखमेत रुजलेल्या जंतूच्या विषानं अंग लुळं पडतं. या आजारावर जे प्रतिविष असतं ते रक्तात फिरणारं विष अडवतं. मज्जातंतूच्या टोकाला जाऊन चिकटलेलं विष त्याला सोडवता येत नाही. झालेला लकवा ते परतवत नाही, पुढचा थांबवतं. म्हणजे उशिराची किंमत असतेच. पण त्या तीन दिवसांत डॉक्टरांनाही मण्यारच दिसत होती, आणि त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. श्रावणाचे दिवस, खाली जमिनीवर अंथरूण, सकाळी उठल्यावर पापण्या आणि जीभ जड, अंगावर दंशाची खूण नाही. आपल्या भागात कोणताही जाणता डॉक्टर आधी मण्यारच म्हणेल. तिचे दात इतके बारीक, की बऱ्याचदा झोपलेल्या माणसाला चावल्याचं कळतही नाही. तिचं विषही तिथंच घाव घालतं, जिथं मज्जातंतू स्नायूला निरोप देतो. शिवाय मण्यारीत लस दिली तरी पापण्या लगेच उघडत नाहीत, श्वासाला यंत्र बऱ्याचदा लागतं. त्यामुळं गुण येईना म्हणून कुणाला तडक शंका यावी असंही नव्हतं. ती गाठ सुटली ती तुमच्या व्हरांड्यातल्या एका वाक्यानं. मांडीत सुई टोचतो, हे कुठल्या फोटोत किंवा रिपोर्टात लिहून येत नाही.

आता शपथ. लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून दुसऱ्याचं तोंड बंद करणं हा प्रकार मला मुळीच आवडत नाही. नशेत अडकलेला माणूस आपल्या भीतीचं गाठोडं समोरच्या सर्वांत मवाळ माणसाच्या काखेत देतो, तसंच तुमच्या दिरानं केलं. ती शपथ तुम्ही श्रावणातच मोडलीत. पोरगं आज ठीक आहे आणि दीर जिवंत आहे. एवढ्यावर मी तो विषय सोडते.

मला खरं बोलायचंय ते 'सांगणं' या शब्दाबद्दल. तुमच्या अख्ख्या पत्रात तो एकच शब्द सगळ्यांसाठी आलाय. गावाला सांगणं, पाहुण्यांना सांगणं, डॉक्टरला, नवऱ्याला, पोलिसांना, होणाऱ्या सोयऱ्यांना सांगणं. सगळ्याची एकच मोट बांधल्यामुळं ती तुम्हाला उचलेना. ती सोडून एकेक काठी वेगळी करा. गावाला तुम्ही मण्यार सांगितली, बिनघोर राहा. कुणाच्या बापाचं त्यात नुकसान नाही. चावडीवरच्या माणसांना तुमच्या दिराच्या मांडीशी काय देणंघेणं? पण डॉक्टरसमोर मण्यार हा शब्द पुन्हा उच्चारू नका. तिथं खोटं बोललं की त्याचे तास मोजावे लागतात, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

आणि हे फक्त मोठ्या आजाराबद्दल नाही. समजा उद्या पुन्हा गळू आलं आणि जवळच्या दवाखान्यात "काटा लागला" म्हणून दाखवलं. डॉक्टर सरळ मनानं एखादं प्रतिजैविक टोचेल. जेंटामायसिनच्या जातीची काही औषधं बोट्युलिझममधला लकवा वाढवू शकतात. खरं कळलं तर तोच डॉक्टर दुसरं औषध निवडेल आणि गळू नुसतं पिळून न सोडता नीट उघडून साफ करायला पाठवेल.

दीर जे तीन मुद्दे सांगतो, ते ऐकायला शहाणे वाटतात. म्हणून जरा खोलात जाते. त्याच्याशी बोलताना तुम्हाला उपयोगी पडेल.

या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. धनुर्वाताच्या जंतूचा हा सख्खा चुलतभाऊ. धनुर्वातात अंग ताठतं, यात लुळं पडतं, एवढं दोघांचं स्वभावातलं अंतर. राहायचं ठिकाण एकच, माती, धूळ, गाळ. वाईट दिवसांत तो कडक कवचाच्या बियांसारखा होऊन पडून राहतो. त्यांना बीजाणू म्हणतात. आपल्याकडच्या माळावर गवताचं बी उन्हाळाभर मुरमात पडून असतं आणि वळीव झाला की उगवतं, तसंच. फक्त याला पाऊस नको, याला हवा नसलेली जागा हवी. उघड्या ओरखड्यावर तो रुजत नाही. पण कातडीखाली किंवा मांसात खोल टोचलं, तिथलं मांस चिरडलं, मेलं, की त्याला हवी तशी बंद खोली मिळते. तिथं तो रुजतो आणि विष तयार करतो. जगात माहीत असलेल्या विषांत सर्वांत जहाल म्हणतात ते हेच. (सुरकुत्या घालवायला श्रीमंत लोक जे बोटॉक्स टोचून घेतात तेही हेच, अगदी कणाएवढं.) टोचल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार दिवस ते दोन आठवडे जाऊ शकतात. म्हणून कुणालाही त्या सुईची आठवण होत नाही.

आता नव्या सुईचं बोलू. नवी सुई चांगलीच. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दुसऱ्याच्या वापरलेल्या सुईतून येतात. पण बोट्युलिझमचे बीजाणू सुईत नसतात, पुडीत असतात. पीक काढण्यापासून पूड वाळवणं, भेसळ करणं, पुड्या बांधणं, असा दहा हातांतून तो माल येतो. त्यात कुठं माती मिसळली हे कोण बघतं? कोऱ्या सुईनं मातकट पूड टोचली तरी आत माती गेलीच.

उकळण्याचं म्हणाल, तर इथं त्याचा घोळ झालाय. तयार झालेलं विष उष्णतेनं मरतं, बीजाणू मरत नाहीत. साध्या उकळत्या पाण्यात ते तासन्‌तास तग धरतात. दवाखान्यात अवजारं १२१ अंशांवर दाबाखाली वाफवतात ती याचसाठी. चमच्याखाली लायटर धरून चार बुडबुडे आले, यानं त्यांचं काहीही बिघडत नाही. लिंबू पिळूनही नाही, कापसातून गाळूनही नाही.

आणि एकदा झालं की परत होत नाही, हे तर साफ चूक. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तो हिशेब इथं लागू नाही. या आजारात माणूस मरायला जेवढं विष पुरतं, तेवढं शरीराला त्याची ओळख ठेवायला पुरत नाही. सुईनं नशा करणाऱ्यांत हाच आजार पुन्हा झाल्याच्या नोंदी आहेत. धनुर्वाताची लस निघते, याची सामान्य माणसाला मिळणारी लस नाही. दिराला धनुर्वाताची लस मात्र देऊन घ्या. त्याच मातीतून तोही येतो.

हे जगावेगळं काही आपल्याच घरात घडलं असं मनात घेऊ नका. न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली सुईवाल्या रुग्णात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला. पुढं १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात डांबरासारख्या काळ्या हेरॉईनमुळं रुग्ण वाढले. ब्रिटनमध्ये २००० साली पहिला रुग्ण मिळाला, आणि २०१४ च्या डिसेंबरपासून पुढच्या काही महिन्यांत एकट्या स्कॉटलंडमध्ये, मुख्यतः ग्लासगोकडं, सुमारे ४० जणांना झाला. ब्रिटनमध्ये जाणारं हेरॉईन बहुतेक अफगाणिस्तानातलं. पंजाबच्या सीमेवरून येणारं तेही बहुतेक तिथलंच. शिरा संपल्या की माणूस मांडीत, दंडात, कुल्ल्यात टोचायला लागतो. हा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. आपल्या देशात सुईनं नशा करणाऱ्यांचा केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालातला अंदाज साडेआठ लाखांचा आहे. तेवढ्या घरांत कुठंतरी एक वहिनी, बहीण, आई डबा हातात घेऊन उभी असणार. आपल्याकडं सांगली जिल्ह्यात इरळीत २०२४ च्या मार्चमध्ये आणि विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत २०२५ च्या जानेवारीत एमडीचे (मेफेड्रॉन या नशेच्या पुडीचे) कारखाने पकडले गेले तेव्हा किलो आणि कोटी छापून आले. कडब्याच्या गंजीतल्या डब्याची बातमी होत नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही लिहिलेलंच नाही, पण मला सर्वांत जास्त घोर लागलाय, त्याबद्दल. दीर पाच आठवडे दवाखान्यात होता. नशेची सवय मोडली की शरीराची सहन करायची ताकदही उतरते. पूर्वी जेवढं पचायचं तेवढंच आता घेतलं, तर त्यानंच श्वास बंद पडू शकतो. त्यात त्याच्या छातीचे स्नायू अजून पुरते भरून आलेले नसतील. म्हणजे तो पुन्हा बोट्युलिझमनं जाईल ही भीती खरी असली, तरी त्याआधी एखाद्या दुपारी शेडमध्ये एकटा असताना जास्त डोसनं जाईल ही भीती जवळची आहे. त्याला हे सरळ सांगा. "सोडलं नाहीस तर" अशी धमकी नको. "एकटा असताना घेऊ नकोस, आणि जुन्या मापानं तर मुळीच नको", हे आजच्या आज सांगायचं वाक्य आहे. यातून तुम्ही नशेला परवानगी देताय असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. तो जिवंत राहिला तर पुढचं बोलणं होईल.

कधी तो हाक मारूनही उठला नाही, ओठ निळसर झाले, श्वास घोरल्यासारखा किंवा फार सावकाश झाला, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आलेल्या माणसाला "गर्द घेतलंय" हे दोन शब्द सांगा. त्यावर उतारा म्हणून नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. बोट्युलिझमला ते चालत नाही.

दोन्हींतला फरक नशा करणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना माहीत हवा, म्हणून इथं मुद्दाम लिहिते. नशा चढते आणि काही तासांत उतरते. बोट्युलिझम उतरत नाही, वाढत जातो, आणि वरून खाली येतो. आधी पापण्या आणि नजर, मग जीभ, मग घसा, मग मान, हात, छाती. दोन्ही बाजूंना सारखा. तोंडाला कोरड पडते, आवाज बदलतो, पाणी नाकातून येतं. ताप बहुधा नसतो. अंगाला हात लावलेला कळतो. आणि डोकं लख्ख जागं असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पिऊन बोबडं बोलणाऱ्या माणसाला कालचा हिशेब विचारा, तो गडबडेल. हा माणूस बोबडं बोलेल, पण हिशेब बरोबर सांगेल. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, देवऋषी नको, तालुक्याच्या दवाखान्यात अर्धा दिवस घालवू नका. व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी न्या आणि दारातच सांगा: सुई टोचतो, इथं गळू आहे, हाच आजार आधी झाला होता. प्रतिविष सापाच्या लशीसारखं घोड्याच्या रक्तापासूनच बनतं, पण त्या लशीसारखं प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवलेलं नसतं. मागवायला वेळ जातो, म्हणून शंका पहिल्या तासात बोलून दाखवायची. दवाखान्यातून सोडताना मिळालेला कागद असेल, त्याची झेरॉक्स घरात, ह्यांच्या गाडीच्या डिकीत आणि फोटो तुमच्या मोबाईलमध्ये राहू द्या.

डोकं जागं असतं म्हटलं, त्यावरून एक सुचलं. मी बरीच वर्षं दवाखान्यात रुग्णांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम केलं. एकदा एका अशाच लुळ्या पडलेल्या रुग्णाच्या पलंगाशेजारी उभं राहून दोन पाहुणे त्याच्या वाटणीच्या जमिनीचं काय करायचं ते ठरवत होते. माणूस बरा झाल्यावर त्यानं मला शब्दन्‌शब्द सांगितला. तुमच्या दिरानंही त्या पाच आठवड्यांत, गुंगीची औषधं उतरलेली असताना, बरंच ऐकलं असणार. त्याला कुणी विचारलंय का, की बाबा, तिथं पडून तुला काय काय ऐकू येत होतं? नसेल तर तुम्ही विचारा. "पुन्हा का सुरू केलंस" या प्रश्नानं माणूस दार लावून घेतो. हा प्रश्न विचारला तर कदाचित उघडेल. आणि सासूबाई त्याला आळशी झालाय म्हणत असतील, रानात पाय टाकत नाही म्हणत असतील, तर ते थांबवा. या आजारात मज्जातंतूंना नवी टोकं फुटावी लागतात. थकवा आणि दम लागणं कित्येक महिने राहतं. जिवंत राहिल्याबद्दल रोज टोमणे खाणारा माणूस पुडीकडं लवकर वळतो.

पुन्हा सुया सापडल्याचं नवऱ्याला सांगायचं का? माझ्या मते हो, पण तुम्ही एकटीनं, रात्री, स्वयंपाकघरात नको. घर फोडल्याचा आळ नेहमी बाहेरून आलेल्या सुनेवरच येतो, हे तुम्ही मला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून आधी दिराला चार दिवसांची मुदत द्या. "चार दिवसांत तू तुझ्या भावाला सांग, मी शेजारी बसते. नाहीतर पाचव्या दिवशी मी सांगणार." हे चोरून सांगणं नाही, त्याला कळवून सांगणं आहे. मुदत मात्र पाळा. त्याच्या चार दिवसांच्या "उद्या"ला भुलू नका. आणि ह्यांच्यासमोर तक्रार ठेवू नका, काम ठेवा: "मिरजेला तपासणीची तारीख घ्यायची आहे, तुम्ही सोबत या." पुरुषमाणसांना, निदान आपल्याकडच्या, रडण्यापेक्षा काम लवकर कळतं. त्यांचं "विषय संपला" हे वाक्य मला निर्दयपणाचं वाटत नाही. ते घाबरलेल्या थोरल्या भावाचं वाक्य आहे.

पोलिसांची भीती निम्मी खरी आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात नुसतं सेवन करणं हाही गुन्हा आहे, कलम २७. पण त्याच कायद्यातलं कलम ६४-अ सांगतं, की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर सेवनाच्या किंवा अगदी थोडा माल जवळ सापडल्याच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालवायचा नसतो. उपचार अर्धवट टाकले तर ते संरक्षण जातं. म्हणजे दवाखान्याची वाट ही त्याला पोलिसांपासूनही वाचवणारी वाट आहे. तुम्ही होऊन पोलिसांत जावं असं मला वाटत नाही. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात व्यसनाचे रुग्णही येतात, आणि त्यांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. डॉक्टरनं गावात येऊन चहाच्या टपरीवर सांगायचं नसतं.

उपचार म्हणजे काय, हे दिरालाही माहीत नसेल. त्याला वाटत असेल कोंडून ठेवतील, घाम, उलट्या, तळमळ, आणि वर उपदेश. गर्दच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी असते. डॉक्टरच्या देखरेखीखाली ती रोज घेतली तर तळमळ आवरते, सुई लागत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. ती महिनोन्‌महिने, कधी वर्षं घ्यावी लागते. "एका नशेच्या जागी दुसरी" असं कुणी म्हणेल, त्याला म्हणू द्या. साखरेचा माणूस रोज गोळी घेतो तेव्हा आपण असं बोलत नाही. फक्त ही गोळी सुरू करताना शेवटचा डोस कधी घेतला ते अचूक सांगावं लागतं, नाहीतर तिनंच तळमळ उसळते. आणि छातीचा लकवा होऊन गेलाय हेही सांगावं लागतं, कारण हे औषध श्वासावर परिणाम करणारं आहे. म्हणजे पुन्हा तेच, डॉक्टरसमोर मण्यार नको. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात आधी चौकशी करा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, १४४१६ ही टेलिमानसची. नाव न सांगताही बोलता येतं. त्याच फेरीत सरकारी दवाखान्यात एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची तपासणी करून घ्या, ती मोफत असते. हिपॅटायटिस सी निघाला तरी त्यावर सरकारी योजनेत मोफत औषधं आहेत आणि तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. कुणी "आमच्या केंद्रात सोडा, महिन्यात सरळ करून देतो" म्हणालं तर आधी नोंदणीचा कागद मागा. बांधून ठेवणारी, मारणारी ठिकाणंही असतात. तिथून परतलेला माणूस पुन्हा कधी कुणाकडं मदत मागत नाही.

स्थळाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. थांबवा. "लग्न झालं की सुधारेल" हे वाक्य ज्या आयांनी उच्चारलं, त्यांच्या सुना पुढं आमच्यासारख्यांना पत्रं लिहितात. कुणाच्या तरी मुलीला तपासणी न झालेल्या, सुई चालू असलेल्या मुलाच्या गळ्यात बांधणं हे आजारपण लपवण्यापलीकडचं आहे, आणि तिथं तुम्ही गप्प बसू नये. सासूबाईंना आज सगळं सांगायची गरज नाही. "एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलाय, अजून दम लागतो, वर्षभर लग्नाचं नाव नको" एवढं पुरे. त्यात एक अक्षर खोटं नाही. हेच वाक्य मिरजेच्या डॉक्टरांच्या तोंडून वदवून घेतलंत तर आणखी बरं, सुनेच्या शब्दापेक्षा त्याला वजन येईल. वर्षानंतर तो सावरला, तर पोरीला खरं सांगूनच पुढं जायचं, आणि ते त्यानंच सांगायचं.

याच सदराकडं डोळे लावून बसलेल्या दुसऱ्या काही घरांसाठी दोन वाक्यं. जिममधली पोरं हल्ली ताकदीसाठी म्हणून मेफेन्टरमिन टोचतात. शस्त्रक्रियेत रक्तदाब पडला तर वर आणायचं ते औषध आहे. बोट्युलिझम प्रामुख्यानं हेरॉईनवाल्यांचा आजार, तिथं त्याची भीती त्यामानानं कमी. पण एका बाटलीत चौघांनी सुया बुडवणं, दंडाला गळू होणं, धडधड वाढून कोसळणं, हे सगळं तिथंही आहे. त्यांच्या घरच्यांनीही डॉक्टरकडं "व्यायाम करताना लचकलं" म्हणून जाऊ नये.

ताई, शेवटी त्या डब्याचं. तो गंजीत परत ठेवलात की उचललात, हे पत्रात लिहिलेलं नाही. तुमचं पोरगं त्याच आवारात खेळतं. सुया चुलीत टाकू नका, उकिरड्यावर नको, विहिरीत तर नकोच. फिनेलची रिकामी जाड बाटली घ्या. सुई टोपण न लावता, टोक खाली करून एकेक आत सोडा. टोपण परत लावतानाच बहुतेकांना टोचतं. चुकून टोचलंच, तर जागा साबणानं धुवा आणि त्याच दिवशी, जमलं तर काही तासांतच, सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोगी पडतात. बाटलीचं झाकण चिकटपट्टीनं बंद करा आणि मिरजेला जाल तेव्हा दवाखान्यात द्या. आणि हे चोरून करू नका, दिराला शेजारी बसवा. बाटली त्यानं धरावी, तुम्ही नाही.